आईचा न काढलेला फोटो

अमळनेर, ता. १२ सप्टेंबर १९३४

निंबा,

वर आशीर्वाद लिहिलेला नाही. राहून गेलेला नाही, मुद्दाम गाळला आहे.

पाच वर्षांनी धुळ्याहून पाकीट येतं, पोस्टमन ओट्याशी उभा राहून "अक्का, भावाचं दिसतंय" म्हणतो, सगळी आळी कान टवकारते, आणि आत एक अक्षर नाही! नुसता एक फोटो, आणि पाठीवर शिसपेन्सिलीने "तापी, मुडावद. श्रावण." एवढंच. बहीण जगली की मेली, गाय व्याली की नाही, शेत कोण बघतं, कशाची म्हणून चौकशी नाही. तात्या गुरुजींच्या मुलाला पत्र लिहिता येत नाही असं लोकांनी म्हणायचं का?

मी तो चुलीत घालणार होते. खोटं कशाला सांगू? दूध उतरवलं, हात पुढे केला, आणि जाळाच्या उजेडात ते पाणी दिसलं. हात तिथेच थांबला.

केवढं पाणी रे! काठ नाही, पैलतीर नाही. कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पाणीच, आणि मधोमध छातीपर्यंत बुडालेली एक बाभूळ. आधी मला तिच्यावर फक्त कावळे दिसले. मग तात्यांचं पोथी वाचायचं भिंग काढलं, आणि अगं बाई! कावळ्यांच्या खाली दोन खारी. त्यांच्या खाली एक कोंबडी, कुणाच्या तरी घरातून वाहत आलेली. आणि कोंबडीपासून वीतभर अंतरावर फांदीला विळखा घालून बसलेला साप. कोणी कोणाकडे बघत नाही. सगळे पाण्याकडे बघतायत.  मी दारात पाट टाकून दिवस मावळेपर्यंत ते बघत बसले, आणि दूध मांजरीने प्यालं.

या तापीत मी शंभरदा पाय धुतले असतील. पूरही पाहिलेत. पण पूर आला की आपण पळतो, भांडीकुंडी उचलतो, आरडाओरडा करतो. थांबून बघतं कोण? तू थांबलास. भर पुरात तू उभा कुठे होतास मेल्या? तुला पोहता येत नाही, हे मला ठाऊक आहे. मीच कधी नदीवर जाऊ दिलं नाही.

पुन्हा असलं काही पाठवू नकोस. पाठवलंस तर दोन ओळी लिही. माझा राग गेलेला नाही. फोटो पोथीत ठेवला आहे, कारण तो जाळला तर त्या कोंबडीचं पाप मला लागेल.

भिकुबाई


अमळनेर, ता. २० नोव्हेंबर १९३४

निंबा,

दोन ओळी लिही म्हटलं, तर तू पुन्हा फोटोच पाठवलास. "धुळ्याजवळ, कुस्त्यांची दंगल. कार्तिक." तुझी बोटं झिजतात का रे लिहिताना?

पण काय फोटो आहे! बायकांना कुस्त्या बघायला कोण बसू देतं? जत्रेत आम्ही लांबून हलगी ऐकायची, आरोळी उठली की समजायचं, कुणीतरी पडलं. बेचाळीस वर्षांची झाले आणि जन्मात पहिल्यांदा कुस्ती पाहिली, तीही घरात बसून, भिंग घेऊन.

तो वरचा पैलवान! पाय आभाळाकडे, डोकं मातीकडे, आणि मातीला लागायला हातभर अंतर. पाठीवरचा घाम उडालाय, त्याचे थेंब मोजता येतात. मी मोजले, अकरा आहेत. खालच्याच्या मानेच्या शिरा ताणलेल्या. मागे शे-दोनशे माणसं, सगळ्यांची तोंडं उघडी. आणि त्यांच्यात एक म्हातारा, खाली मान घालून शांतपणे भुईमुगाची शेंग सोलतोय! त्याला बघून मला एवढं हसू आलं, की आपला सालदार तोताराम गोठ्यातून धावत आला. त्याला दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "अक्का, हाऊ खाले पडना का नही?"

निंबा, त्याच्या त्या विचारण्यावर मी चार दिवस झोपले नाही. कारण तो पडलेला नाही. धुळ्याला पडला असेल, मार लागला असेल, घरी गेला असेल. पण इथे माझ्या हातात तो अजून वरच आहे. उद्या बघितलं तरी वरच असणार. मी मेल्यावर कुणी बघितलं तरी वरच. माणसाला एवढं करता येतं? देवाच्या हातातून एक क्षण काढून घेऊन कागदावर ठेवायचा? मला भीती वाटली. खरंच वाटली.

आणि मग तळपायाची आग मस्तकाला गेली. परक्या पैलवानाला तू असं धरून ठेवतोस, मग आईला का नाही ठेवलंस?

तुला काय वाटतं, मी विसरले? आपल्याकडे माणूस फोटोत बसतं ते गेल्यावरच. जिवंतपणी आईने तुला फोटो काढू दिला नाही. कॅमेरा दिसला की पदर तोंडावर. "मना फोटू कसाले काढस रे बापा, माले आजून जगनं शे." गेली तेव्हा मी शाळेतून खुर्ची आणवली, तिला नवं लुगडं नेसवलं, खुर्चीत बसवली, पाठीशी उशी दिली. घराघरातल्या भिंतींवर असे फोटो आहेत, हार घातलेले. मी काही जगावेगळं मागत नव्हते. तुला धुळ्याहून बोलावलं. तू ते तीन पायांचं खोकं मांडलंस, काळ्या कापडात डोकं घातलंस. सगळे नातेवाईक हात जोडून उभे. किती वेळ तू आत होतास! बाहेर आलास आणि म्हणालास, "अक्का, आत आई नाही. मी नाही काढत."

सगळ्यांच्या देखत! एक झाकण काढायचं आणि लावायचं, एवढंच काम होतं. शहाणपणा कुठला! मी म्हटलं, पुन्हा मला तोंड दाखवू नकोस. आजही तेच म्हणते.

आता जे लिहिते ते कुणाला सांगितलेलं नाही. निंबा, आईचा चेहरा मला आठवेनासा झालाय. आवाज आठवतो. हाताचं गोंदण आठवतं. खोकायची ते आठवतं. पण डोळे मिटले की तोंडाच्या जागी खुर्चीतलं ते तोंड येतं, उशीवर कललेलं. त्याच्या आधीचं काही केल्या येत नाही. पन्नास-साठ वर्षं जगलेल्या बाईचं तेवढंच तोंड माझ्याजवळ उरलंय, आणि तेही मीच बसवलेलं.

तुझ्याजवळ काही असेल तर सांग. नसेल तर हे पत्र फाडून टाक.

भिकुबाई


अमळनेर, ता. ३ फेब्रुवारी १९३५ (कार्ड)

निंबा, मी वाट बघत नाही. पोस्टमनच आपणहून विचारतो की धुळ्याचं काही येणार आहे का, म्हणून लिहिते. अडीच महिने झाले. आजारी असलास तर कुणाकडून तरी कळव. मेथीचे लाडू केले होते, पण तू पत्ता तेवढा लिहितोस, जेवतोस कुठे ते लिहीत नाहीस, म्हणून पाठवले नाहीत. तोतारामने खाल्ले. मागच्या पत्रातलं शेवटचं फार मनावर घेऊ नकोस. भिकुबाई


अमळनेर, ता. २८ एप्रिल १९३५

चिरंजीव निंबास अक्काचे अनेक, अनेक, अनेक आशीर्वाद.

बघ, लिहिले. सहा वर्षांचे एकदम घे.

आला रे आला! आईचा फोटो आला! बाबा, हा तुझ्याजवळ होता आणि तू सहा वर्षं दडवून ठेवलास? मारीन तुला. नाही मारणार. काय लिहू!

पाकीट फोडलं तेव्हा दुपार होती.  आई! खळ्यावर, तिपाईवर उभी, ज्वारी उफणतेय. सूप डोक्याच्या वर धरलेलं, वारा डावीकडून, आणि दाणे सरळ खाली पडतायत, भुसा सगळा आडवा उडालाय. कण न् कण दिसतो रे! उन्हात प्रत्येक कणाला वेगळा उजेड आहे. मागे कडब्याच्या पेंढ्या पसरल्यात, एक गाठोडं लवंडलंय. आणि या सगळ्याच्या मधोमध मान मागे टाकून आई हसतेय. पदर खांद्यावर घसरलाय, कशाची शुद्ध नाही. सगळे दात दिसतायत. आई अशी हसायची, निंबा! मी विसरलेच होते. तिचं हसू आधी पोटात सुरू व्हायचं आणि मग खांदे हलायचे. तात्या गेल्यावर लोक म्हणायचे, विधवेने एवढं हसू नये, आणि ते ऐकून ती आणखी हसायची.

खुर्चीतलं तोंड गेलं. कालपासून डोळे मिटून बघते, येत नाही. हीच येते.

तू कधी काढलास मला कळलं. ती गेली त्याच्या आदल्या हंगामात तू आला होतास, तेव्हा लपून काढला असशील आणि माझ्या रागाने सांगितला नसशील. जाऊ दे. मी काही विचारत नाही. खुर्चीपुढे तुझा हात का उचलला नाही तेही आता कळलं. असा फोटो ज्याच्याजवळ आहे, तो तसला कशाला काढेल?

मला धीर कुठला! तशीच उन्हात रूपचंद सुताराकडे गेले आणि उभ्या उभ्या चौकट करून घेतली. सागाची, वर काच, मागे फळी ठोकून पक्की. तात्यांच्या शेजारी लावला. मोगऱ्याचा हार घातला. आळीतल्या सगळ्या बायका येऊन पाया पडून गेल्या. शेजारची भागाबाई बराच वेळ फोटोकडे बघत होती. म्हटलं, "कशी आहे?" म्हणाली, "हुबेहूब शे अक्का, हुबेहूब."

आठवड्याने आखाजी. यंदा आईच्या नावाची घागर तिच्यासमोर पुजणार. खापरावरचे मांडे आणि आमरस. तू असतास तर...

तोंड दाखवू नकोस म्हटलं होतं ते मी म्हटलं होतं, हे मला ठाऊक आहे.

अक्का


अमळनेर, ता. १४ मे १९३५

निंबा,

घरात कुणी नसेल तेव्हा हे पत्र वाच, आणि हसायचं तेवढं हसून घे.

आखाजी झाली. मी घागर पुजली, पाच दिवे लावले, मांड्यांचा नैवेद्य दाखवला, फोटोपुढे डोकं टेकून रडले. रोज ताजा हार. काल बेबाबाई जामनेरहून आली. लेकीच्या बाळंतपणाला शिमग्यापासून तिकडेच होती. आईची एवढी मैत्रीण, तिला हाताला धरून आणलं आणि म्हटलं, बघ कोण आहे! बेबाबाई पुढे झाली. पदराने चष्मा पुसला. फोटो बघितला, मग मला बघितलं, पुन्हा फोटो बघितला आणि कपाळावर हात मारला.

"व माय! भिकू, हाई तुनी माय नही व, हाई तू शे! अन् हाई मांगे पडेल शे ना, ते गाठोडं नही, ती मी शे!"

 मग सगळं भडाभडा आठवलं. गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. बेबाबाई मदतीला म्हणून आली, कडब्याच्या ढिगावर टेकायला गेली, आणि तो ढीग सरकून बाई पाय वर करून उताणी पडली. ती मदतीला हाका मारतेय आणि मी तिपाईवरून हसतेय, सूप खाली ठेवायचंही भान नाही. तेवढं मी कितीतरी वर्षांत हसले नव्हते.

भागाबाईला बोलावलं. म्हटलं, तुला ठाऊक होतं? ती दाराआड उभी राहून म्हणाली, "आमले बठ्ठासले ठाऊक व्हतं अक्का. पन तुले सांगनार कोन?" तोतारामला ठाऊक होतं. रूपचंद सुताराला चौकट ठोकताना ठाऊक होतं. अख्खी आळी माझ्या पाया पडून गेली आणि माझ्या तोंडाला लागायची एकाचीही छाती झाली नाही! जिवंत बाई स्वतःच्या फोटोला हार घालते, स्वतःपुढे घागर पुजते, स्वतःला नैवेद्य दाखवते, आणि तोही पुन्हा स्वतःच खाते. बेबाबाई म्हणते, अपशकुन झाला, हार काढ. मी काढला आणि गाईच्या गळ्यात घातला. तिने लगेच खाऊन टाकला.

तू म्हणशील, अक्का, स्वतःचं तोंड कसं ओळखलं नाहीस? कसं ओळखणार? हे गेल्याला एकोणीस वर्षं झाली. कुंकू लावायचं नाही तर आरसा कशाला? तेव्हापासून मी आरशात पाहिलेलं नाही. मला वाटायचं मी अजून तेव्हाचीच आहे, चोवीस वर्षांची, गालफडं वर आलेली. या वर्षांत मी आईच्या तोंडाची झाले, हे मला कुणी सांगितलं नाही. तू सांगितलंस.

मग भागाबाईकडून आरसा आणला. दार लावून घेतलं. बघितलं तर एक आंबट तोंडाची म्हातारी. म्हटलं, हसून बघू. हसले, म्हणजे दात विचकले. आई आली नाही. बऱ्याचदा करून पाहिलं. नाहीच आली. आरसा परत देऊन टाकला.

फोटो चौकटीतून काढला, रूपचंदची फळी उचकटून. घाईत मी पाठ वाचलीच नव्हती. तिथे तुझं अक्षर. "अक्का, खळ्यावर. अमळनेर. मार्गशीर्ष." वाचलं, निंबा, आणि हसू गेलं. तू आला होतास. माझं ते कार्तिकातलं पत्र वाचून, मी आईचं तोंड मागितलं म्हणून आला होतास, आणि न भेटता गेलास.

आज सकाळी फोटो घेऊन खळ्यावर गेले. तिपाई त्याच जागी मांडली. फोटोत पिंपळाची फांदी कुठे येते, विहिरीचा काठ कुठे येतो, ते बघत बघत मागे सरकत गेले. तोताराम बघत होता, त्याला वाटलं, हिचं डोकं फिरलं. शेवटी सगळं फोटोतल्यासारखं जुळलं ती जागा कडब्याच्या गंजीमागे निघाली. तिथून तिपाई मोजली. दहा पावलं.

दहा पावलांवर तू होतास. मी तोंड दाखवू नकोस म्हटलं होतं, ते तू पाळलंस. किती वेळ होतास रे तिथे? सकाळपासून? उपाशी? माझं हसू ऐकलंस आणि पुढे यावंसं वाटलं नाही? वाटलं असणार. फोटोत ते दिसतं. एवढ्या मायेने कोण कुणाकडे बघतं? मी त्या जागी उभी राहून तिपाईकडे बघत राहिले आणि रडले. मला वाटायचं, तू माझ्यावर रुसलायस. तू तर माझ्या शब्दाला बांधून घेऊन बसला होतास. आणि मी, तू गंजीमागे आहेस हे न कळता, निवांत हसत होते.

पूर बघितला, कुस्ती बघितली, तेव्हा मी तोंडात बोट घातलं. म्हटलं, काय हा निंबाचा हात! पण ते परक्यांचं होतं. हा फोटो बघितला की मला वाटतं, माझ्यासारख्या तोंडाळ, एकट्या बाईकडे बघूनही कुणाला थांबावंसं वाटलं. हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. आता भिंतीवरच आहे, काय करू? तो मी परत लावला आहे, हाराशिवाय. बायका विचारतात, जिवंत माणसाचा फोटो भिंतीवर कशाला? मी सांगते, माझ्या भावाने काढलाय. आणि आई हवी असली की मी त्याच्याकडेच बघते, एकातच दोघी आहेत.

आता मुख्य गोष्ट लिहिते. मी तुझ्यावर चिडले होते ते चुकले. खुर्चीत आई नव्हती. तुला आत दिसलं नाही ते बाहेर आम्हालाही दिसत नव्हतं, पण तू तेवढं बोललास. तोंड दाखवू नकोस म्हटलं तो शब्द मी परत घेते. बेबाबाई आणि भागाबाईच्या समोर, मोठ्याने घेतला आहे.

कडब्याची गंजी संपत आली, तोतारामने गुरांना घातली. आता मागे लपायला जागा नाही, तेव्हा समोरून ये. तू गंजीच्या जागी आलास की माझ्या तिपाईपर्यंत दहा पावलं उरतील. पाच मी चालते, पाच तू चाल.

तुझी,
अक्का